सोंग, संसार आणि लोकदृष्टी
मराठी नाट्य-कादंबरीतील समलिंगी व तृतीयपंथी पात्रे आणि खानदेशातील एक निवडणूक

१

समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींविषयीची समाजाची दृष्टी कशाने घडते, या प्रश्नाला मराठी अभ्यासकांकडून सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर परंपरेचा दाखला देते. अर्धनारीनटेश्वराची मूर्ती, विराटनगरीतील बृहन्नडा, विष्णूचे मोहिनीरूप, तमाशातील नाच्या आणि संगीत नाटकातील स्त्रीपार्टी नट यांची नावे घेऊन आपला समाज मुळातच सहिष्णू होता, असे हे मत सांगते. दुसरे उत्तर याच्या उलट दिशेने जाते. खेडे अडाणी व असहिष्णू, शहर सुशिक्षित व उदार. तेव्हा शिक्षण पसरले की दृष्टी आपोआप बदलेल, असे त्याचे म्हणणे आहे. ही दोन्ही उत्तरे सोयीची आहेत. परंतु मराठीतील महत्त्वाच्या कृती बारकाईने वाचल्या आणि त्यांच्याशेजारी खानदेशातील प्रत्यक्ष अनुभव ठेवला, तर त्यांपैकी एकही पुरेसे ठरत नाही, असे दिसून येईल.

या विवेचनासाठी साक्री हे गाव दृष्टीसमोर ठेवणे उपयुक्त आहे. कान नदीच्या काठचे हे तालुक्याचे ठिकाण धुळे-सुरत महामार्गावर वसले आहे. त्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात भिल्ल, कोकणा, मावची या आदिवासी समाजांची वस्ती आहे, तर पूर्वेस अहिराणी बोलणारा शेतकरी मुलूख आहे. गावात महाविद्यालय, कचेरी आणि बाजारपेठ आहे. जत्रा आणि तमाशाचे फडही आहेत. जुन्या लोककलेचे आणि नव्या शिक्षणाचे असे एकत्र नांदणे ज्या गावात दिसते, तेथे वरील दोन्ही मतांची परीक्षा चांगली होते.

२

खानदेशातील जत्रेचे एक वैशिष्ट्य म्हणजे तगतराव. शृंगारलेल्या गाड्यावर तमाशातील कलावंत उभे राहतात, गाडा गावातून मिरवला जातो आणि भर दिवसा, देवाच्या साक्षीने, सारे गाव तो नाच पाहते. रात्री फडावर गवळण रंगते. तीत मावशीचे काम करणारा पुरुष लुगड्याचा पदर सावरीत येतो आणि आबालवृद्धांना हसवतो. डोंगरपट्ट्यात होळीच्या दिवसांत स्त्रीवेष घेऊन नाचणारे पुरुष पाहून कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. पुरुषाने स्त्रीचे रूप घेणे ही गोष्ट या मुलखाला अपरिचित आहे, असे म्हणता येणार नाही.

पण या मान्यतेचे नाव ‘सोंग’ असे आहे, आणि त्या शब्दातच तिची मर्यादा दडली आहे. सोंग आणले जाते आणि उतरवलेही जाते. जत्रा संपली, रंग पुसला, की मावशी पुन्हा घरचा कर्ता पुरुष होते. गाव त्या पुरुषाच्या स्त्रीरूपाला जी परवानगी देते, ती मुदतीची असते. मुदत संपल्यावरही ज्याचे रूप उतरत नाही, त्याच्याविषयी हीच दृष्टी क्षणात पालटते. टाळ्या ज्या हावभावांना मिळाल्या, तेच हावभाव बाजारात दिसले की ‘बायल्या’ हा शब्द तोंडी येतो. तेव्हा लोककलेतील स्त्रीवेष हा सहिष्णुतेचा पुरावा मानण्यापूर्वी थांबून विचार करावयास हवा. त्यातून प्रयोगाला मिळालेली मान्यता सिद्ध होते; माणसाला मिळालेली मान्यता सिद्ध होत नाही.

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीचा आणि तिच्यावर रवी जाधव यांनी २०१० साली आणलेल्या चित्रपटाचा विषय नेमका हाच आहे. पहिलवानी बांध्याचा गुणा कलेच्या ओढीने नाच्या होतो, आणि मग ते सोंग त्याच्या अंगाला चिकटते. घर तुटते, गाव हसते, विरोधक त्याच्या देहाची विटंबना करतात. चित्रपट प्रभावी आहे. पण त्याने जागवलेल्या करुणेला एक अट आहे. गुणा ‘खरा पुरुष’ आहे, हे प्रेक्षकाला प्रारंभापासून पुनःपुन्हा दाखविलेले असते. कलेसाठी त्याने पुरुषत्वाचा त्याग केला, म्हणून तो थोर ठरतो. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेल्या, राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटातही रचना अशीच आहे. तायप्पावर लुगडे रूढीने लादले आहे. त्याचे मन मात्र सुलीवर जडले आहे. लुगडे टाकून तो पुरुष म्हणून उभा राहतो, तेव्हा प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. रूढीच्या जुलमाविरुद्धचा हा आवाज मोलाचा आहे, याबद्दल दुमत नाही. तथापि, ज्याला लुगडे लादलेले वाटत नाही, जे ज्याला आपले वाटते, त्याच्यासाठी या दोन्ही कथांत जागा नाही. प्रेक्षकाची सहानुभूती येथे वाढते. दृष्टी बदलत नाही.

३

सोंग न उतरणाऱ्या माणसाची कथा मराठीत प्रथम ताकदीने आली ती सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) या नाटकात. संगीत नाटकाच्या काळात बालगंधर्वांच्या (१८८८-१९६७) लुगड्याची आणि दागिन्यांची धाटणी कुलीन स्त्रिया उचलीत असत. हा इतिहास समाजाच्या औदार्याचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. आळेकरांनी त्या वैभवाची मागची बाजू दाखविली. त्यांचा बर्वे हा मोठा नट नव्हे. नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका करणारा, आता उदबत्त्या विकून पोट भरणारा माणूस. श्यामराव त्याला राबवतो आणि लुबाडतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन एकाकी कारकून त्याच्या रूपात आपली हवीशी बाई पाहतात. त्या स्वप्नात लग्न लागते, डोहाळे लागतात. आणि स्वप्न फुटते तेव्हा शिक्षा बर्व्यालाच भोगावी लागते.

या नाटकाने लोकदृष्टीविषयी दोन गोष्टी उघड केल्या. पहिली, की दृष्टी ही माणसाच्या प्रतिष्ठेनुसार बदलते. रंगभूमीच्या सम्राटाला जे रूप शोभते, तेच उदबत्तीवाल्याच्या ठायी विकृती ठरते. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. बर्व्याला वापरणारे पुरुष स्वतःला सर्वसामान्य समजतात. आपल्या वासनेची आणि एकाकीपणाची जबाबदारी ते बर्व्याच्या विचित्रपणावर ढकलतात. तिरस्कार हा नेहमी अपरिचयातूनच जन्मतो असे नव्हे. काही वेळा तो अतिपरिचय नाकारण्याच्या गरजेतून जन्मतो, हे आळेकरांनी कोणतेही भाष्य न करता दाखविले आहे.

४

लोकदृष्टीच्या घडणीत भाषेचाही वाटा मोठा आहे. ज्या गोष्टीला घरात उच्चारता येईल असा शब्द नाही, तिच्याविषयी घरात विचारही होत नाही. मराठीत एकीकडे शिव्या आहेत आणि दुसरीकडे ‘समलिंगी’ हा पुस्तकी शब्द आहे. यांच्या मधली जागा दीर्घकाळ रिकामी राहिली. ती भरण्याचा एक धीट प्रयत्न र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून केला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचेही उत्तर होते, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला. आचरण दूरच राहिले. त्याविषयी शांतपणे बोलणे हाच गुन्हा ठरला. अशा परिस्थितीत शिवी तेवढी टिकली, आणि शास्त्रीय शब्द लोकांपर्यंत पोहोचला नाही.

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक याच मौनाच्या काळात, स्वातंत्र्यपूर्व पुण्याच्या महाविद्यालयीन वातावरणात घडते. सुमित्रा देव ऊर्फ मित्रा हिला आपल्या ओढीचा उलगडा होतो तोच आत्महत्येच्या प्रयत्नातून. महाविद्यालयाच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते आणि नायिकेचे काम करणाऱ्या नमावर तिचे प्रेम जडते. येथेही सोंगाने वाट करून दिली. पण पडदा पडल्यावर मित्राचे सोंग उतरले नाही. मन्या दळवीच्या हाती तिची पत्रे लागतात आणि ती तिच्याविरुद्ध शस्त्र बनतात. ज्या समाजात एखादी गोष्ट उघड बोलता येत नाही, तेथे ती जाणणारा प्रत्येक जण मालक बनतो, हे तेंडुलकरांनी अचूक हेरले आहे.

या नाटकावर एक आक्षेप घ्यावाच लागेल. मित्राचा अंत मृत्यूत होतो. निराळ्या ओढीचे पात्र रंगभूमीवर आणावयाचे आणि त्याला मरण देऊन प्रेक्षकाला हळहळण्याची मोकळीक द्यावयाची, या प्रघातापासून हे नाटक मुक्त नाही. मेलेल्या मित्राविषयी कणव वाटणे सोपे असते. जिवंत मित्राबरोबर राहणे प्रेक्षकाला शिकावे लागत नाही. परंतु नाटकाचे खरे बळ मित्राच्या मरणात नसून बापूच्या निवेदनात आहे. बापू हा साधा, भिडस्त विद्यार्थी. त्याच्या दृष्टीत होणारा बदल हाच नाटकाचा कणा आहे. प्रथम ओढ, मग धक्का, मग समजून घेण्याची धडपड, मग निष्ठा, आणि शेवटी थकवा. बापूजवळ सद्भाव आहे, परिचय आहे, मैत्री आहे. तरी त्याचे बळ सरते, कारण त्याच्या पाठीशी कोणीच नाही. वसतिगृह, महाविद्यालय, कुटुंब, कायदा यांपैकी एकही संस्था बापूच्या बाजूची नाही. मित्राशी मैत्री ठेवणे म्हणजे तिची बदनामी वाटून घेणे, हे त्याला पदोपदी जाणवते. ‘मित्राची गोष्ट’ या नावातील श्लेष येथे अर्थपूर्ण होतो : ती मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट आहे, तशीच ती एका एकट्या पडलेल्या मित्राचीही आहे.

५

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत दळवीसारखा खलपुरुष नाही. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात भाड्याने राहावयास आलेल्या तरुणावर घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा या दोघांचेही प्रेम बसते. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, काही महिन्यांनी एकटी परतते. तिच्या दुःखाने घर हादरते. तिच्यावर रागावण्यासाठी का होईना, घराला तिच्याकडे पाहावे लागते. तनयचे दुःख त्याच माणसासाठी आहे. पण ते कोणाच्या हिशेबातच येत नाही. येथे त्याला कोणी छळत नाही, कोणी शिवी देत नाही. घराच्या व्यवस्थेत त्या दुःखासाठी रकानाच नाही. कादंबरीचे दोन भाग शेजारी ठेवून कुंडलकरांनी ही विषमता दाखविली आहे, आणि शहरी व सुशिक्षित घर म्हणजे उदार घर या समजुतीला तिने न कळत तडा दिला आहे.

हा ‘संसार’ नावाचा घटक साक्रीसारख्या मुलखात अधिक ठळकपणे दिसतो. शेतकरी कुटुंबात लग्न ही दोन व्यक्तींची गोष्ट नसते. जमिनीचा वारसा, शेतीला लागणारे मनुष्यबळ, म्हातारपणाचा आधार आणि भावाबहिणींच्या सोयरिकी या साऱ्यांची वीण लग्नात गुंतलेली असते. एका मुलाने लग्न नाकारले, तर पाहुण्यांत चर्चा होते आणि धाकट्या बहिणीचे स्थळ अडते. ‘लोके काय म्हनतीन’ या अहिराणी उद्गारात केवळ भित्रेपणा नाही. त्यात नातेसंबंधांच्या बाजारात पत घसरण्याची खरीखुरी भीती आहे. म्हणूनच निराळी ओढ असलेला तरुण लग्न करून मोकळा होतो आणि गाव समाधान पावते. त्या लग्नात आलेल्या स्त्रीचे काय होते, हा प्रश्न मात्र अद्याप मराठी कादंबरीने पुरेशा गांभीर्याने हाताळलेला नाही. धर्मग्रंथांतील विधिनिषेधापेक्षा ही सोयरिकीची अर्थव्यवस्था लोकदृष्टीला अधिक आकार देते, असे अनुमान केल्यास ते वावगे ठरू नये.

तृतीयपंथीयांची स्थिती येथे निराळी होते. त्यांना बहुधा घराबाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडल्यावर गुरु-चेल्याचे दुसरे घर मिळते. त्यांचे वेगळेपण उघड असते. समलिंगी तरुणाचे झाकलेले असते. एकाला गाव टाळते. दुसरा अस्तित्वातच नाही असे धरून चालते. या दोन दृष्टी एकाच नावाखाली घातल्या, तर दोन्हींचे आकलन चुकते.

६

या पार्श्वभूमीवर खानदेशातीलच एक घटना विचारात घ्यावयास हवी. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथील ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. २०२० च्या डिसेंबरअखेर तो नाकारला गेला. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढविण्याची मुभा दिली, आणि त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत गावाने त्यांना निवडून दिले.

या निकालामागे कायद्याचा मोठा प्रवास होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरविले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ते पुन्हा जिवंत केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ते त्या मर्यादेत अंतिमतः बाजूला सारले. तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार १५ एप्रिल २०१४ च्या निर्णयाने मान्य झाला, व २०१९ साली त्यांच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा झाला. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. वर ज्याला ‘संसार’ म्हटले आहे, त्याच्या उंबरठ्याशी कायदाही थांबला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

भादलीच्या निकालाचेही एक साहित्यकृतीप्रमाणे वाचन करता येते. याचिकेत उमेदवाराच्या नावापुढे पित्याचे नव्हे, तर गुरूचे नाव येते; म्हणजे गावाने न दिलेल्या घराची नोंद न्यायालयाच्या कागदावर झाली. दुसरे असे, की त्यांनी आयुष्यभरासाठी स्त्रीत्व स्वीकारले आहे, पुढे सोयीनुसार त्या पुरुष म्हणून उभ्या राहणार नाहीत, या ग्वाहीला न्यायालयाने महत्त्व दिले. जत्रेतील सोंगाला मान्यता मिळते ती ते उतरणार असते म्हणून. न्यायालयाची मान्यता मिळाली ती हे रूप उतरणार नाही म्हणून. तगतरावापासून ग्रामपंचायतीपर्यंतचे सारे अंतर या एका फरकात सामावले आहे. मात्र ही मान्यताही सशर्त आहे. स्त्री वा पुरुष यांपैकी एका रकान्यात कायमचे बसण्याची तयारी दाखविल्यावरच दार उघडले.

७

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की दोन गटांच्या नुसत्या संपर्काने पूर्वग्रह कमी होत नाही. संपर्क समान पायरीवरचा असावा, दोघांचे उद्दिष्ट एक असावे, ते साधण्यासाठी सहकार्य घडावे आणि संस्थांचा वा कायद्याचा त्याला पाठिंबा असावा. हे निकष मराठी कृतींना लावले, की विखुरलेली निरीक्षणे एका सूत्रात येतात. फडावरील मावशीशी गावाचा संपर्क आहे. पण पायरी समान नाही. बर्व्याशी कारकुनांचा संपर्क आहे. पण उद्दिष्ट एक नाही, तेथे वापर आहे. मित्रा आणि बापू यांची पायरी समान आहे, सहकार्यही आहे. पण संस्थांचा पाठिंबा नाही, म्हणून ती मैत्री मोडते. तनयच्या घरी सारे काही आहे. पण जे दिसतच नाही, त्याच्याशी संपर्क कसा व्हावा? भादलीत मात्र उमेदवार आणि मतदार समान पायरीवर आले, गावचा कारभार हे उद्दिष्ट समाईक होते, आणि न्यायालयाचा आधार मिळाला. तेथे दृष्टी हलली.

एका निवडणुकीवरून साऱ्या खानदेशाचे मन बदलले असा निष्कर्ष काढणे अर्थातच घाईचे होईल. मतदाराने दिलेले मत आणि घराने दिलेली मुलगी यांत फार अंतर आहे. शिवाय भादलीचा मार्ग समलिंगी तरुणाला उपलब्ध नाही. त्याच्यासाठी कोणतीही राखीव जागा नाही, आणि असावी असेही नाही. त्याला हवे आहे ते घर. तथापि, खेडे असहिष्णूच असते हे मत या घटनेने खोडले गेले, आणि परंपरा सहिष्णूच होती हे मत तमाशाच्या फडाने खोडले. दृष्टी गाव वा शहर, जुने वा नवे यांवरून ठरत नाही. माणसे एकमेकांना कोणत्या नात्याने भेटतात यावरून ती ठरते.

मराठी समीक्षेने या दिशेने पुष्कळ काम करावयाचे बाकी आहे. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी किंवा लक्ष्मी त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन यांची दखल बहुधा सामाजिक दस्तऐवज म्हणून घेतली जाते. त्यांच्या भाषेचा, निवेदनाचा, वाचकाशी ते जोडत असलेल्या नात्याचा विचार क्वचितच होतो. दस्तऐवज म्हणून वाचणे हाही समान पायरी नाकारण्याचाच एक प्रकार आहे. खानदेशातील अभ्यासकांना तर आणखी एक काम हाताशी आहे. या विषयी अहिराणीत शिवीखेरीज कोणते शब्द आहेत, ओव्यांत, म्हणींत, घरगुती बोलण्यात न नांदलेल्या लग्नांविषयी काय सांगितले जाते, याचा संग्रह व्हावयास हवा. तो तगतरावाच्या गर्दीत मिळणार नाही. तो ओट्यावर आणि चुलीपाशी मिळेल. साक्रीच्या महाविद्यालयात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी तनयसारखा असेल, ही शक्यता गृहीत धरून अध्यापकाने ‘मित्राची गोष्ट’ शिकविले, तर त्या वर्गात बापूला जे लाभले नाही ते पाठबळ थोडेसे तरी निर्माण होईल, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.